सायकोबा

या माणसानं मला दिवाळीपासून होळीपर्यंत, दर हंगामात गळा दाबून मारलं. आणि दर वेळी आधी विचारून मारलं. मी रंगपटात आरशासमोर केस पांढरे करत बसलेली असायची. तो मागून यायचा, वाकायचा आणि म्हणायचा, "बाई, मारू ना?" मी म्हणायची, "मार बापा, पण गंगावन नको ओढू. मागच्या खेपेले तुह्या हातातच आलं होतं." मग तो पाया पडून जायचा. नवीन आलेल्या पोरी हसायच्या. "लगन लावून राह्यला का हा बाईसंग? रोज होकार इचारते!"

आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतलं नाटक ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. धान कापून झालं, मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, भरू लागल्या, की गावोगाव नाटक. मी वडशाच्या एका कंपनीत आईची कामं करायची. शाळा चौथीपर्यंतची, बाकीचं सगळं प्रॉम्प्टरच्या तोंडून शिकले. एका वर्षी आमच्या लेखकानं नवीन नाटक आणलं. गावात सगळ्यांशी गोड बोलणारा एक मुलगा, आणि तोच एकेकाला मारत सुटलेला. आईला ते कळतं, तेव्हा तो आईलाही मारतो. लेखक म्हणाला, असल्या माणसाला सायको म्हणतात.

नाटकाचं नावही तेच ठरलं. मॅनेजरनं बोर्ड रंगवायला पेंटरला फोन केला. पेंटरला ऐकू येईना, तर हा ओरडला, "सायको बा, सायको!" आमच्याकडे बोलताना मध्ये 'बा' येतोच. पेंटरनं ऐकलं तसं लिहिलं, 'सायकोबा'. पहिला प्रयोग सिंदेवाहीकडच्या एका गावात. बायांना वाटलं, खंडोबासारखा कोणी देव असेल. नारळ, हळदकुंकू, कडेवर लेकरं घेऊन पुढे येऊन बसल्या. पहिल्या अंकात खून पडला तशी एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "मायबाई, देव लयच कडक दिसते वो!" तेव्हापासून मला मारणाऱ्या त्या बिचाऱ्या नटाचं नाव सायकोबा पडलं ते पडलंच.

आमच्याकडे खलनायक म्हणजे लाल लाईट, डोळे वटारलेले आणि ऑक्टोपॅडवर दणादण संगीत. मॅनेजरलाही तेच हवं होतं. सायकोबा म्हणायचा, "याच्या मनात काईच नाई बाई. रिकामं घर आहे. मंग मी डोळे कायले वटारू?" त्यानं संगीत बंद करायला लावलं. मी खाली पडले की तो शेजारी बसायचा आणि माझ्या पदराला हात पुसायचा. जेवण झाल्यावर लेकरू आईच्या पदराला पुसतं, अगदी तसाच. बस, एवढंच. पण समोरचं सारं मैदान गपगार व्हायचं. मी डोळे मिटून पडलेली असायची, तरी माझ्याच अंगावर काटा यायचा. हे कुठून आणलं, असं विचारलं तर म्हणाला, "कुठून आणतो? घरी मायच्या पदरालेच पुसतो ना मी हात."

त्याची किंमतही त्याला मोजावी लागली. नाटकाच्या गावात कलाकारांना घरोघरी जेवायला पाठवतात. त्याला पाहून बाया दार ओढून घ्यायच्या. "या मुडद्याले मी वाढणार नाई!" मग तो माझ्यासोबत यायचा आणि माझ्या ताटात जेवायचा. मला वाईट वाटायचं, त्याला नाही. तो चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये असले खुनाचे सिनेमे पाहून आलेला. म्हणायचा, "तिथी खुनी कसा झकपक दाखवते, गॉगल काय, चाल काय. पोट्टे बाहेर निंगले का त्याच्यासारखे चालते. मले शिव्या देते ते बरं आहे बाई. ज्या दिवशी पोट्टे माह्यासारखे केस कापाले लागन, त्या दिवशी मी चुकलो समजा."

एका दुपारी वडशाच्या स्टँडवर तो चहा समोर ठेवून बसलेला दिसला. चहा थंड झालेला. मी म्हटलं, "काऊन रे, कोण मेलं?" तर याचे डोळे भरलेले.

झालं होतं असं. त्याच्या गावच्या मंडईत आमचा प्रयोग झाला आणि त्याच्या सात-आठ वर्षांच्या पोरीनं, चिनूनं, तो पाहिला. दुसऱ्या दिवशी हा घरी जेवला आणि सवयीनं म्हाताऱ्या मायच्या पदराला हात पुसला. पोरगी किंचाळली, "आजी, पळ!" तेव्हापासून ती रोज आजी आणि बाप यांच्या मधात बसून जेवत होती. बाप उठला की आजीचा हात धरायची.

"माह्या मायपाशी मले बसू देत नाई, बाई," तो म्हणाला. "मी किती सांगतलं, नाटक आहे. ते म्हणते, तुमी नाटकातबी गोडच बोलत होते."

मी त्याचा थंड चहा बाजूला सारून दुसरा मागवला.

मग तोच म्हणाला, "तुमी घरी चला. मेलेली बाई जेवताना पाह्यली तं समजन ते."

आरमोरीच्या पलीकडे त्याचं गाव. मी गेले, मांडी घालून बसले, भात आणि वांग्याची भाजी जेवले. चिनू समोरून टक लावून पाहत होती. शेवटी जवळ आली, माझ्या गळ्याला बोट लावलं आणि विचारलं, "दुखते का?"

"नाई वो माय. तुहा बाबा मले आधी इचारते, मंगच मारते."

"रोज?"

"रोज."

"अन् तुमी नाई म्हटलं तं?"

सायकोबा दारातून म्हणाला, "तं नाई मारत. बाईच्या मर्जीबिगर नाई."

त्या दिवशी शेजारच्याच गावात प्रयोग होता. चिनू हट्टानं सोबत आली. रंगपटात माझ्या मांडीवर बसली. बाप आला, वाकला. "बाई, मारू ना?"

मी तोंड उघडायच्या आधी पोरगी म्हणाली, "नाई."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला आणि गेला.

मला वाटलं, पोरीचं मन राखायला म्हणाला. रंगमंचावर वेळ आली. मी डोळे मिटून गळा पुढे केला. हात आलाच नाही. प्रॉम्प्टर आतून कुजबुजतोय, "दाब! गळा दाब ना बे!" डोळे उघडले तर हा माझ्या पायाशी बसलेला. माझा पदर घेतला, हात पुसले आणि तसाच बसून राहिला. पडदा पाडावा लागला. मैदानात नुसती बोंब उठली, "मारलंच नाई! खून दाखवा!" फटीतून पाहिलं, तर संध्याकाळी ज्या बाईनं त्याला वाढायला नकार दिला होता, तीच सगळ्यांत पुढे उभी राहून ओरडत होती.

परतताना मेटॅडोरमध्ये चिनू त्याच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तो रस्ताभर हलला नाही, तिला जाग येईल म्हणून.

सकाळी मॅनेजरनं त्याचं काम काढून घेतलं. "उद्या तुही मांजर नाई म्हणन, तं का नाटक बंद करू?" त्याच्या जागी दुसरा आला. लाल लाईट आली, हसणं आलं, गॉगलही आला. पोरांनी शिट्ट्या मारल्या, सोबत फोटो काढले, नाटक जोरात चाललं. नवा मुलगा वाईट नव्हता. पण तो कधी रंगपटात आला नाही, कधी विचारलं नाही. खरं सांगते, त्या नाटकात मरायची भीती मला पहिल्यांदा तेव्हा वाटली. हंगाम संपला आणि मीही ते काम सोडलं.

सायकोबानं पुढं कोतवाल केला, डॉक्टर केला, नवरीचा भोळा मामा केला. खलनायक पुन्हा केला नाही. बाया आता त्याला आग्रह करकरून वाढायच्या. एकदा मला म्हणाला, "पोट भरते बाई, पण ते मैदान गप होत होतं ना, त्याची आठवण येते." पोरगी परत मिळाली आणि ते काम गेलं. या सौद्याबद्दल त्याच्या तोंडून तक्रार अशी मी कधी ऐकली नाही. आठवण तेवढी ऐकली.

मी आता लेकाकडे ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये असते. नातू मोबाईलवर खुनाच्या मालिका पाहतो. मीही पाहते, तोंड फिरवत नाही. फक्त एखादी बाई मरायला लागली की माझ्या तोंडून निघतं, "इचारलं का रे तिले कोणी?" नातवाला वाटतं, आजीचं डोकं फिरलं.

यंदा सायकोबा गेला. तेरवीला मी गेले. चिनू आता दवाखान्यात नर्स आहे. तिनं मला पाटावर बसवलं, स्वतः वाढलं आणि मग माझ्या शेजारी जेवायला बसली. जेवण झालं. तिनं हात धुतले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, पुसू ना?"

मी पदर पुढे केला.