मामाच्या गाडीचा एसी

मे महिन्यात सोलापुरात गाडीचा एसी बंद पडला तर लोक काच खाली करतात आणि उन्हाला शिव्या घालत पुढे जातात. आमच्या घरात तेवढ्यावर भागत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी अपघातात माझ्या नवऱ्याच्या पाठीच्या कण्याला मार बसला. छातीखालचं अंग हलत नाही, हे बघणाऱ्याला दिसतं. त्या अंगाला घामही येत नाही, हे मात्र सांगावं लागतं. अंगातली उष्णता बाहेर पडायला वाटच नाही. तापलेल्या गाडीत अर्धा तास बसले तर हे तापाने फणफणतात. एकदा ते भोगून झालं होतं.

आणि लग्न होतं सांगोल्याला. ह्यांच्या धाकट्या बहिणीच्या मुलीचं, भर मे महिन्यात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, आणि हे तिचे एकुलते एक सख्खे मामा. भाडोत्री गाडीचा उपयोग नव्हता. ह्यांना उचलून बसवावं लागू नये म्हणून बाहेर वळणारी सीट आम्ही आमच्याच गाडीत बसवून घेतलेली.

लग्नाला बारा दिवस राहिले आणि एसीने छळायला सुरुवात केली. घटकेत गार, घटकेत भट्टी. गॅरेजवाल्याने गॅस कमी झालाय म्हणून गॅस भरला. दोन दिवसांनी तेच रडगाणं, पुन्हा गॅस. तिसऱ्या खेपेला त्याने सांगितलं की कॉम्प्रेसर गेला, नवा यायला पंधरा दिवस लागतील, त्यापेक्षा गाडीच विकून टाका. मी विचारलं, कॉम्प्रेसर गेला हे कशावरून? तो म्हणाला, अनुभवावरून. माझं डोकंच फिरलं. मी सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळते. जो माणूस नुसतं अनुभवावरून बोलतो त्याच्याकडे कागद नसतो, एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

त्यात नणंदेचा फोन आला. दादाला आणू नका वहिनी, उगाच जिवाशी खेळ नको, चुलत मामा आणेल मुलीला. दादासाठी व्हिडिओ कॉल लावू, मांडवाजवळ मोबाइलचा स्टँड ठेवायचं ठरलंय. ती मायेने बोलत होती, म्हणून तर जास्त लागलं. ह्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "राहू दे मग."

ह्या सहा वर्षांत मी तो शब्द किती वेळा ऐकला असेल! नाटक राहू दे, हुरडा राहू दे, मित्राकडे जाणं राहू दे. "काही राहू दे बिहू दे नाही," मी म्हटलं. "गाडी गार होणार आणि तुम्ही मांडवात जाणार."

दुसऱ्या दिवसापासून मी गाडीत वही ठेवली. एसी कुठे चालू, कुठे बंद, किती वाजता, सगळं टिपलं. चार दिवसांनी वाचून काढली. विजापूर रस्त्यावर पळत्या गाडीत गार. सात रस्त्याच्या सिग्नलला बंद. पुढे रस्ता मोकळा मिळाला की परत गार. आता कॉम्प्रेसर मेलाच असता, तर काय सिग्नल बघून मरत होता?

वही घेऊन मी शेजारच्या शेडमध्ये गेले. आमचं घर पूर्व भागात, भिंतीला भिंत लागून टॉवेलचे यंत्रमाग. तिथल्या तेलुगू फिटरना आम्ही अण्णा म्हणतो, आणि ते वयाने मोठे असून मला अक्का म्हणतात. गाडीतलं त्यांना फारसं कळत नाही, पण तापून बंद पडणाऱ्या मोटारी बघण्यात हयात गेली. वही त्यांनी दोनदा वाचून घेतली. मग विचारलं, गाडी लावता कुठे? मी बोट दाखवलं. शेडच्या पंख्याखाली, तिथे सावली असते. त्या पंख्यातून दिवसभर कापसाची लव बाहेर पडते आणि गाडी पांढरी होते. आणि धुता कशी? दर रविवारी, पुढच्या जाळीत पाण्याचा पाइप खुपसून, चांगला जोर लावून. गल्लीत सगळ्यात स्वच्छ गाडी माझी, असा माझा तोरा.

अण्णा हसले. "अक्का, कापसावर पाणी मारून दाबलं की काय होतं, तुला ठाऊक हाय की."

ठाऊक होतं. त्याचा नमदा होतो, दाबून घट्ट झालेला जाड थर. शेडमध्ये दर आठवड्याला माग थांबवून मोटारी हवेने झाडतात, आणि हवा नेहमी आतून बाहेर मारतात, म्हणजे घाण बाहेर पडते. मी सहा वर्षं ती पाण्याने आत ठोकत होते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून गॅरेज गाठलं. एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी पुढे असते, तिच्यामागे इंजिनाचा रेडिएटर, दोन्हींच्या मध्ये बोटभर फट. पाण्याने ठोकलेली लव तिथेच अडकली असणार, ती फट उघडा म्हटलं. समोरून जाळी लख्ख दिसत होती, त्यामुळे गॅरेजवाला हसला आणि लग्नसराईत वेळ नाही म्हणाला. मी स्टूल ओढून त्याच्या दारातच ठाण मांडलं.

"तुझ्या अनुभवाने दोनदा गॅस भरला," मी म्हटलं. "आता माझ्या वहीने एकदा बोल्ट खोल."

तासाभराने खोलले. फटीतून राखाडी नमदा निघाला, सलग, हातभर लांब, आणि त्यात टॉवेलच्या काठाचे गुलाबी दोरे. गॅरेजवाला बराच वेळ तो उलटासुलटा करून बघत राहिला. पळत्या गाडीत वाऱ्याच्या जोराने कसंबसं भागायचं. गाडी थांबली की उष्णता कोंडायची, दाब वाढायचा आणि कॉम्प्रेसर स्वतःला वाचवायला बंद पडायचा. वर दोनदा जादा गॅस भरून आम्ही त्याचा गळाच आवळला होता. जाळी मागून हवेने झाडून घेतली. बॉनेटखालच्या चिठ्ठीवर लिहिलंय तेवढाच गॅस मोजून भरायला लावला. मग भर उन्हात, गाडी जागेवर उभी ठेवून, मी अर्धा तास ह्यांच्या सीटवर बसून राहिले. गारच. मला रडू फुटलं, आणि गॅरेजवाल्याला दिसू नये म्हणून मी वहीत तोंड घातलं.

चूक माझीच होती, हे घरी येऊन ह्यांना सांगून टाकलं. ते पोटभर हसले.

लग्नाच्या दिवशी मंगळवेढ्याच्या अलीकडे एक टँकर रस्त्यात आडवा पडलेला. वीस मिनिटं आम्ही उन्हात जागच्या जागी. मी दर मिनिटाला ह्यांच्या मानेला हात लावत होते. मान गार होती, घाम माझ्याच तळहाताला फुटला होता.

कार्यालयात पोचलो तेव्हा मंगलाष्टकांची तयारी चाललेली. मांडवाजवळ खरंच एक स्टँड होता, त्यावर मोबाइल, आणि नणंदेचा नवरा आम्हालाच फोन लावत होता. ह्यांच्या खिशातला फोन वाजला. ह्यांनी तो उचलला नाही. चाकाची खुर्ची स्वतःच्या हाताने रेटत ते थेट नवरीच्या खोलीच्या दाराशी गेले, भाचीचा हात धरला आणि मांडवाकडे बघून म्हणाले, "तो मोबाइल काढा तिथनं. मामा आलाय."