पाठमोरा परीक्षक

आमचे शेजारी चिंचवडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. घरी दिलेल्या आमटीलाही ते "पास" नाहीतर "रिजेक्ट" म्हणत. कॉलनीच्या गणपतीत गिटारच्या स्पर्धेचे परीक्षक तेच. वादक दिसू नये म्हणून स्टेजकडे पाठ करून बसत.

"गिटार हवाईयन असो की स्पॅनिश, वहिनी, तार थांबल्यावर कानात काय उरतं ते बघायचं."

त्या वर्षी माझ्या मुलीने हवाईयनवर भावगीत वाजवलं. त्यांनी मात्र स्पॅनिशवर इंग्रजी धून वाजवणारा निवडला, आणि वळून बघतात तो त्यांच्या कारखान्यातल्या साहेबांचा मुलगा! भाऊजींना हवी असलेली फोरमनची जागा त्याच साहेबांच्या हातात होती. ते घाईने माझ्याकडे आले.

"उद्या अख्खी शिफ्ट मला चमचा म्हणेल, वहिनी."

"मग आमच्या मुलीला द्या."

"कसं देऊ? तो सरस वाजवून गेलाय."

त्यांनी नाव पुकारलं. मागून कोणी ओरडलं, "झालात की फोरमन, राव!" हशा पिकला. मुलगी माझ्याकडेच बघत होती. पण दोघांचंही वाजवणं मी ऐकलं होतं. मी टाळ्या वाजवल्या. बराच वेळ एकटीनेच.