ढगांवरची घरघर

खिंडीत बर्फ साचून रस्ता बंद झाला आणि मी गुरेझमध्ये अडकलो. ज्यांच्या घरी उतरलो होतो, त्या गुलामचाचांच्या बायकोच्या, चाचींच्या, छातीत दुखत होतं. त्यांना श्रीनगरला न्यायला हेलिकॉप्टर येणार होतं, पण ढग हलत नव्हते. चाचा सारखे अंगणात येऊन वर बघायचे. मीही बघायचो. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की मी चार फोन करतो, गाडी काढतो, धावपळ करतो. इथे करण्यासारखं काही नव्हतंच. माणसानं नुसतं आभाळाकडे बघून बघून किती बघावं?

तिसऱ्या दिवशी दुपारी ढगांवरून घरघर ऐकू आली. चाचा आत धावले. चाचींना उठवून बसवलं, शाल गुंडाळली, पायात बूट चढवायला लागले. हेलिकॉप्टरनं वरच्या वर दोन घिरट्या घातल्या. मग आवाज लांब गेला आणि ऐकू येईनासा झाला.

एक बूट घालून झाला होता. दुसरा हातात धरून चाचा जमिनीवर तसेच बसून राहिले. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी चाचीच हळू आवाजात म्हणाल्या, "घाला तो दुसरा. पाय गार पडलाय."