आत्याचं थांबणं

भर मांडवात आत्या गाता गाता मध्येच थांबायची. तळवलीतल्या आमच्या आगरी लग्नांत भटजींच्या आधी मान धवलारिणीचा. देवांना, पूर्वजांना आवतण देणारे धवले तिनेच गायचे. आमची धवलारीण म्हणजे वडिलांची ही थोरली बहीण. ओळ आठवली नाही की ती डोळे मिटून गप्प बसे. हळदीचा नवरदेव ताटकळे, व्हिडिओवाला चुळबुळ करी. कोणी घाई केलीच तर म्हणे, "इसरलं तं थांबावं. ठिगल लावू नये. देवाचं नाव हाय त्यात."

स्वभावाने खाष्ट. सानपाड्याच्या एसी हॉलातही ती चपला दाराबाहेर काढूनच शिरायची आणि सुटाबुटातल्या वरबापालाही काढायला लावायची. आम्ही तिला चळाचळा कापायचो आणि तिच्याशिवाय आमचं पानही हलायचं नाही.

मग तिचं थांबणं लांबत गेलं. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा पूर्वजांच्या धवल्याच्या पहिल्या दोनच ओळी तिच्यापाशी उरल्या होत्या. तो धवला गावात दुसऱ्या कुणालाच येत नव्हता. माझा भाऊ नितेश कॉम्प्युटरच्या कामातला. त्याने आत्याचे बाकीचे धवले मोबाइलवर रेकॉर्ड केले, एआयला ऐकवले आणि उरलेला भाग पुरा करायला सांगितलं. चहा निवायच्या आत अख्खा धवला हजर, आमच्या बोलीत, बाईच्या गोड आवाजात!

"आत्या, टेन्शन संपलं. झाला पुरा," नितेश म्हणाला.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. "हिला ठाव नाय, तं ही गप का नाय बसत?" एवढंच बोलली आणि तोंड फिरवून बसली.

नितेश मात्र तो धवला घरात वाजवत राहिला. मनाचा काही भरवसा नसतो. आत्या पोरांची नावं विसरली, जेवून उठल्यावर पुन्हा ताट मागू लागली, म्हणून हे नवं गाणं तर तिच्या डोक्यात राहणारच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

हळदीला तिने तोच धवला धरला. दोन ओळी झाल्या. आता थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. मशीनने जुळवलेला धवला तिने शेवटपर्यंत गायला, कुठेही न अडखळता. बायका पदराने डोळे पुसत होत्या.

"आत्या, हा कुनी शिकवला गं?" मी नंतर विचारलं.

"माझ्या सासूनं. मिठागरावर मीठ वढताना," ती पटकन म्हणाली. पुढे त्या दिवशीचं ऊन, सासूचं लुगडं, सगळं सांगितलं. तिच्या चेहऱ्यावर जराही शंका नव्हती. आमची आत्या मी त्या दिवशीच गमावली. देहाने ती पुढच्या चैत्रात गेली.

आता गावातल्या पोरी तो धवला आत्याचा म्हणून गातात. मीही त्यांच्यात बसते. दोन ओळी झाल्या की डोळे मिटून गप्प होते. बाकीच्या पुढे गात राहतात.