जळगाव वरून पाहिलं

माझ्यावर सर्वांत मोठं ऋण आहे ते एरंडोलजवळच्या आमच्या गावातल्या मराठीच्या सरांचं. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला, आणि त्याचं श्रेय सरांचं.

सर निवृत्त झाले तेव्हा गावाने सत्कार ठरवला. "तो बोलेल, मगच मी खुर्चीवर बसेन," असं सरांनी सांगितलं. तो म्हणजे मी. मुंबईहून रात्रीच्या रेल्वेने आरामात पोचलो असतो. पण सरांच्या सत्काराला विमानाने जाण्यात मला सरांचाच गौरव दिसला. गावानेही ती बातमी पंचक्रोशीत पसरवली.

विमान जळगाववर आलं आणि घिरट्या घालू लागलं. खाली केळीचे हिरवे चौकोन फिरत होते. मग वैमानिकाने सांगितलं की चाकं बाहेर आल्याची खूण देणारा दिवा लागत नाही. चाकं आली असतील, नसतीलही. मोठी धावपट्टी मुंबईला आहे, तेव्हा आपण परत जातो आहोत.

शेजारी चोपड्याकडचे एक केळीवाले आबा होते. त्यांनी हवाईसुंदरीला हात दाखवला, एसटीच्या कंडक्टरला दाखवतात तसा.

"बाई, आठेच उतारी दे. मनं वावर खालेच शे."

"सर, प्लीज बसून घ्या."

"बसेलच शे ना! उतरानं म्हणी ऱ्हायनू."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझंही मागणं तेच होतं.

मुंबईला चाकं अलगद टेकली. बिघाड चाकांत नव्हताच, दिव्यात होता. पुढचं विमान दुसऱ्या दिवशी मिळेल, असं सांगून आम्हाला एकेक सामोसा देण्यात आला. तेवढ्यात गावाहून वर्गमित्राचा फोन आला.

"कथा शे रे तू? बठ्ठा लोके वाट दखी ऱ्हायनात. सर उभाच शेतस."

"मुंबईत."

"सकायले बी मुंबईमाच व्हता ना?"

"मध्ये जळगावला येऊन गेलो. उतरता आलं नाही."



"इतला मोठा व्हई गया का रे? वरतूनच जास?"

मी दिव्याचं समजावून सांगितलं. दिवा लागला नाही म्हणून विमान परत गेलं, हे गावात कोणाला पटेना. आमच्याकडे दिवे नसलेले ट्रॅक्टरही बाजाराला जाऊन येतात. सर काय समजले असतील, याची मला धास्ती वाटली. त्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार. विमान खरंच बिघडलं होतं. सभा संपेपर्यंत तुम्ही उभेच होतात, हे कळलं. जे बोलायचं होतं ते लिहितो.

दहावीनंतर वडील मला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कामाला लावणार होते. तुम्ही रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचात. कापसाचं बोलायचात, बैलांचं बोलायचात. माझ्या शिक्षणाचा शब्द काढला नाहीत. शेवटी वडीलच म्हणाले, "सर, याचं काय करावं?" तुम्ही म्हणालात, "तुम्ही म्हणाल तसं." वडील उठून बैलांना चारा टाकून आले. मग म्हणाले, "शिकू द्या." वडील वारले तोवर त्यांना वाटत होतं की मला त्यांनीच शिकवलं. ते तसं वाटू दिलंत, यासाठी तुमचे आभार मानायचे होते.

रविवारी रेल्वेने पाचोऱ्याला उतरतो, तिथून एसटीने येतो. कोणाला जमवू नका. तुम्ही मात्र बसून घ्या.

आपला विद्यार्थी