पुढच्या दारातली शेवयांची वाटी

तुपावर शेवया परतल्याचा वास आला की निजामाच्या राज्यावरच्या पोलिस ॲक्शननंतरची भालकीतली ईद आठवते. आम्ही शेजारच्या मुसलमान खालाच्या हातचं शिजवलेलं खात नव्हतो, म्हणून ती सणाला शेवया-साखर कोरडीच पाठवायची. मी मात्र तिच्या मागच्या दारी शिजवलेल्या शेवया गुपचूप खायची. त्या ईदला रझाकारांचा सूड म्हणून जमावाने तिच्या नवऱ्याला चावडीपुढं धरलं, तशी ती शिजवलेल्या शेवयांची वाटी घेऊन चावडीसमोरच्या आमच्या पुढच्या दारात आली. "बेटी, समद्यांदेखत एक घास खा. आपलीच मानसं हैत म्हनून सोडतील त्यांला." "माझं सोवळं हाय," मी म्हणाले. "आजच कामून न्हाई म्हनायलीस?" ती पुटपुटली, पण मागच्या दाराचं बोलली नाही. तिच्या नवऱ्याला ओढत नेलं; तो परतलाच नाही. सोवळं खोटं होतं, मी जमावाला भ्याले. लोक अजून मला धर्माची पक्की म्हणतात, आणि मी ऐकून घेते.