अण्णाची दुसरी नोकरी

परदेशातून आलेली बॅग पाहुण्याने स्वतः उघडायची नाही, असा आमच्या बसवनगुडीच्या घरात रिवाज आहे. ती हॉलच्या मधोमध आडवी पडते, आई खुर्ची ओढून समोर बसते आणि मी एकेक वस्तू काढून तिला दाखवते. बाबा होते तेव्हापासून हे असंच चालत आलंय. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो इंग्लंडमध्ये भूलतज्ज्ञ आहे, तिथेच स्थायिक झालाय, आणि त्यालाही यात कधी वावगं वाटलं नाही. यंदा तो आईच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी आला, चहा घेऊन आंघोळीला गेला आणि आम्ही नेहमीसारखी त्याची बॅग उघडली.

चॉकलेटं निघाली. आईच्या गुडघ्यांसाठी मलम निघालं. माझ्यासाठी एक पर्स निघाली, मला अजिबात न शोभणारी. तळाशी कापडी कव्हरात एक आखूड कोट होता. सोनेरी बटणं, खांद्यांवर चिन्हं आणि छातीवर इवल्याइवल्या पदकांची ओळ.

"कुठल्या वरातीतल्या बँडवाल्याचा उचलून आणला, विचार त्याला," आई म्हणाली.

मीच विचारायचं, कारण बाबा गेल्यापासून आई अण्णाशी थेट बोलत नाही. बाबा गेले तेव्हा अण्णा आला नाही. हॉस्पिटलने रजा दिली नाही, असं त्याने फोनवर सांगितलं. अग्नी मी दिला. महिन्याभराने तो आला तेव्हा आईने त्याला जेवायला वाढलं, पण 'भात घे' हेसुद्धा माझ्यामार्फत सांगितलं. तेव्हापासून व्हिडिओ कॉलवर ती त्याच्याकडे बघते आणि माझ्याशी बोलते. मी मध्ये बसून दोघांच्या टपालाची ने-आण करते. या वेळी तरी ती बोलेल, एवढ्याच आशेवर तो आला होता. तसं त्याने विमानतळावरून येताना मला टॅक्सीत बोलूनही दाखवलं होतं.

अण्णा टॉवेलने डोकं पुसत आला, त्याने माझ्या हातातला कोट पाहिला आणि तो जागच्या जागी थांबला.

"नाटकात काम करतोस की काय?" मी विचारलं.

"माझाच आहे," तो म्हणाला. "इथून पुढे दिल्लीला जायचंय. तिथल्या मिलिटरी डॉक्टरांनी जेवायला बोलावलंय."

"तुला कशाला?"

"मी कर्नल आहे. ब्रिटिश आर्मीत, राखीव दलात."

मी कोट हातात धरून तशीच उभी राहिले. माझा भाऊ, जो झुरळ दिसलं की पलंगावर चढायचा, तो कर्नल! मग त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. नवा नवा इंग्लंडला गेला तेव्हा एकटा पडला होता. बरोबरचा एक डॉक्टर राखीव दलात होता, त्याच्यामागून हाही गेला. मंगळवारी संध्याकाळी कवायत आणि वर्ग, महिन्यातला एखादा शनिवार-रविवार, उन्हाळ्यात पंधरा दिवसांची छावणी. कॅप्टन झाला, मेजर झाला, चढत चढत एका अख्ख्या लष्करी इस्पितळाचा प्रमुख झाला. आणि आम्ही? तो मंगळवारी फोन घेत नाही, म्हणजे गणपतीचा उपास करत असणार, असं बाबा शेवटपर्यंत कौतुकाने सगळ्यांना सांगत होते!

"म्हणजे लढाईवर नाही ना गेलास कधी?" मी विचारलं. नाही म्हणेल असं धरूनच चालले होते.

"दोनदा. दुसऱ्यांदा अफगाणिस्तानात."

"कधी?"

त्याने भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं: बाबा गेले त्याच वर्षी. त्या दिवसांत तो दर रविवारी फोन करायचा, घरी काय शिजलंय ते विचारायचा. मागे धडधड ऐकू यायची. ॲम्ब्युलन्सचं हेलिकॉप्टर आहे, असं म्हणायचा. मी त्याला चित्रान्न कसं बिघडलं ते सांगत बसायचे! मला संताप आला, रडू आलं, काय आधी आलं ते सांगता येणार नाही.

"म्हणून रजा मिळाली नाही," मी म्हणाले. मी आईकडे वळले. "ऐकलंस ना? रणांगणावर होता तो. कोण सोडणार?"

मला वाटलं, सुटलं. इतक्या वर्षांची गाठ सुटली.

"रजा मिळाली होती," अण्णा म्हणाला.

त्याने हातातल्या टॉवेलची घडी घातली.

"बाबा गेल्याचं कळल्यावर वरिष्ठांनी तासाभरात सगळी सोय केली. विमानात जागा ठेवली. मी निघालोच होतो. तेवढ्यात एक जखमी आला, विशीतला. दुसरा भूलतज्ज्ञ तापाने पडला होता. मी थांबलो. विमान गेलं."

यापेक्षा आधीचं खोटं बरं होतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"स्वल्प थांब गं," आई तिच्या कानडी वळणाने म्हणाली, मी काहीच बोलत नसताना. मग तिने मान वर केली आणि माझ्याकडे नाही, सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"वाचला का तो?"

इतक्या वर्षांनी तिने त्याला विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"नाही, आई. पहाटे गेला."

"त्याची आई आहे?"

"आहे. परत गेल्यावर भेटून आलो तिला. काय काय झालं, शेवटी कोण जवळ होतं, सगळं सांगितलं. तिला ऐकायचं होतं."

मी आईचा हात धरायला गेले, तर तिने मला बाजूला सारलं.

"तिला ऐकायचं होतं," ती म्हणाली. "आणि मला नको होतं?"